कूट न घातलेला डबा

डबा हातात घेतला की मला कळायचं. ती मुलगी शाळेच्या बसमधून उतरून दप्तर माझ्याकडे द्यायची, आणि दप्तराच्या वजनावरूनच समजायचं, आजही हा तसाच परत आलाय. सकाळी तिच्या आईने घाईघाईत भरलेली पोळी, भाजी, एका कप्प्यात सफरचंदाच्या काळ्या पडलेल्या फोडी.

हे अमेरिकेतल्या ईडन प्रेरीमधलं, दोन हजार चारच्या हिवाळ्यातलं. माझे यजमान तिथल्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी होते, आणि त्यांच्या मागून मी गेले. मी सातवी सोडलेली. इंग्रजी म्हणजे दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतं. आमच्या अपार्टमेंटच्या आसपास मराठी घरं बरीच होती, आई-बाबा दोघंही कंपनीत. शाळा सुटल्यापासून ते घरी येईपर्यंत मुलांना कोणीतरी हवं असायचं. ते काम माझ्याकडे आलं, आणि मुलांची मी मावशी झाले.

त्या वर्षी माझ्याकडे दोन मुली होत्या, दोघी चौथीत, एकाच वर्गात. एक नुकतीच नागपूरहून आलेली. दुसरी तिथेच जन्मलेली, आमच्या ताईंची मुलगी.

ताईंबद्दल आधी सांगायला हवं. मी विमानातून उतरले तेव्हा माझ्या अंगावर एक स्वेटर होता आणि बाहेर बर्फ. यजमानांचीही कोणाशी फार ओळख नव्हती. ताई कुठून तरी ऐकून दुसऱ्याच दिवशी दाराशी आल्या, हातात स्वतःचा कोट. "घाल हा. परत नको करूस." पुढे त्यांनीच मला बस कुठे थांबते ते दाखवलं, दाढ दुखली तेव्हा डॉक्टरकडे नेलं, आगीचा भोंगा वाजला तर काय करायचं ते शिकवलं. स्वतःची मुलगी माझ्याकडे ठेवून बाकीच्यांनाही त्यांनीच सांगितलं, हिच्याकडे बिनधास्त ठेवा. त्या नसत्या तर मी त्या दोन खोल्यांत वेडी झाले असते. हे मी आजही म्हणते.

तर नागपूरची मुलगी. घरात आली की बूट न काढता सरळ स्वयंपाकघरात. ओट्याशी उभी राहून डबा उघडायची आणि गार झालेली पोळी अशी खायची की मला बघवत नसे.

"अगं, बस तरी. गरम करून देते."

"नको मावशी. खूप भूक लागून राहिली."

"मग शाळेत का नाही खाल्लंस?"

पहिले काही दिवस उत्तर एकच, वेळ नव्हता. मग एकदा म्हणाली, "जागा नव्हती."

"एवढ्या मोठ्या शाळेत बसायला जागा नाही?"

"आहे ना, टेबलांपाशी. पण ती सेव्ह्ड असते."

सेव्ह्ड म्हणजे काय ते मी विचारलं. म्हणाली, कोणासाठी तरी धरून ठेवलेली.

"कोणासाठी?"

तिने घास गिळला. "कोणासाठीच नाही. ती रिकामीच राहते, मावशी."

मग जेवणाच्या सुट्टीत ती काय करायची? डबा हातात धरून कचऱ्याच्या डब्यापाशी उभी राहायची. म्हणजे कोणी बघितलं तर वाटावं, हिचं खाऊन झालंय.

ताईंची मुलगी हे सगळं ऐकत सोफ्यावर पडलेली असायची. ती काही वाईट मुलगी नव्हती. माझ्या घरात दोघींचं छान जमायचं. आम्ही तिघी पत्त्यांतलं पाच-तीन-दोन खेळायचो, आणि ती नागपूरच्या मुलीला हात ओढताना चिडवायची, "आण, आण, तुझा एक्का आण, लपवू नकोस!" दोघी हसून लोळायच्या. पण शाळेत ही तिला ओळख दाखवत नसे. बसमध्येसुद्धा दोघी लांब बसायच्या. उतरून बस वळणावर दिसेनाशी झाली की मगच ही तिच्याशी बोलायला लागायची.

मी तिला एकदा हळूच विचारलं, "तू का गं देत नाहीस तिला जागा?"

"इट्स नॉट माय टेबल, मावशी."

"मग कोणाचं आहे?"

खांदे उडवले. मग टीव्हीकडे बघतच म्हणाली, "मी तिला बसवलं ना, तर मला पण उठवतील."

इतकं सरळ सांगितलं. त्या वयाच्या पोरीला टेबलाचा कायदा पाठ होता, आणि तो खराही होता.

आमच्याकडे शाळेत कट्टी असायची. अंगठा दाताला लावून तोंडावर सांगायचं, जा, तुझ्याशी कट्टी. लागायचं मनाला, पण निदान कळायचं तरी. माझ्याशी वर्गातल्या सगळ्या मुलींनी सातवीत कट्टी केली होती. माझ्या आईला वडिलांनी टाकलं होतं, आणि ते घराघरांत बोललं जायचं, मग बाकावर माझ्या शेजारी कोणाला बसू द्यायचे नाहीत. मी शाळा सोडली. गणित जमत नव्हतं असं सगळ्यांना सांगितलं, यजमानांनाही तेच सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर उचलायचं नाही हे कळल्यावर किती हलकं वाटलं, ते मला अजून आठवतं. या मुलीचा डबा हातात आला की तो बाक परत दिसायला लागला.

म्हणून ताईंना सांगायचं ठरवलं. फोन करण्याआधी दहादा विचार केला. ज्यांचा कोट अंगावर घालून फिरते, त्यांच्याच मुलीबद्दल बोलायचं. त्या दुखावल्या तर? माझ्याकडे येणारी घरं त्यांच्या शब्दावर आलेली. यजमानांच्या व्हिसाच्या कागदपत्रांचंही तेव्हा काही ठरत नव्हतं, आणि मला कशाचीही भीती वाटायची.

तरी फोन लावून सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस गं. मला कल्पनाच नव्हती. थांब, आपण करू काहीतरी."

ताईंनी जे केलं ते आपल्यातल्या कोणीही केलं असतं. संक्रांत जवळ आली होती. त्यांनी घरी हळदीकुंकू ठेवलं आणि मुलींनाही बोलावलं. बाहेर गुडघाभर बर्फ, दारात बुटांचा ढीग, आत काळ्या साड्या आणि हलव्याचे दागिने घातलेलं कोणाचं तरी तान्हं बाळ. ताईंनी सगळ्या मुलींना टीव्हीसमोर उभं केलं. "चला, एकमेकींना तिळगूळ द्या बरं. आणि काय करायचं? गोड बोलायचं. शाळेतसुद्धा, काय?"

ताईंच्या मुलीने नागपूरच्या मुलीच्या हातावर लाडू ठेवला. एका काकूंनी फोटो काढला. सगळ्या बायका म्हणाल्या, किती गोड. नागपूरच्या मुलीने तो लाडू लगेच खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला. मी पोह्यांच्या बशा फिरवत होते, ती मध्येच माझ्यापाशी आली.

"मावशी, तिने सगळ्यांसमोर दिला."

तिच्या आईलाही हुरूप आला. मग ताईंनीच सुचवलं, "वर्गासाठीच का नाही पाठवत तिळगूळ? सगळ्या मुलांना एकेक. इथे असं कल्चर शेअर केलेलं फार आवडतं. तिची ओळख होईल, बोलतील तिच्याशी."

रविवारी माझ्या स्वयंपाकघरात लाडू झाले. ताई, नागपूरच्या मुलीची आई आणि मी. ताई म्हणाल्या, "नट्स नकोत, हं. शाळेत चालत नाहीत, कोणाला तरी ॲलर्जी असते." म्हणून मी काजू-बदामाची बरणी परत कपाटात ठेवली. तीळ भाजले, गुळाचा पाक केला, खोबरं घातलं, वेलची घातली. आणि भाजलेल्या दाण्यांचा कूट घातला.

घातलाच. आमच्याकडे कूट मिठासारखा. भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, हात आपोआप त्या डब्यात जातो. दाणे म्हणजे नट्स हे तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. काजू, बदाम, अक्रोड हे नट्स. शेंगदाणा शेंगेत येतो, जमिनीत येतो, तो कसला नट? दोघी एवढ्या शिकलेल्या, मी न शिकलेली, पण तिघींचं स्वयंपाकघर एकच होतं.

मुली ओट्याशी उंच स्टुलांवर बसून गरम लाडू पळवत होत्या. ताईंच्या मुलीने मिक्सरमधला कूट बोटाने चाटला. "मावशी, यम्मी!" म्हणाली.

सोमवारी दुपारी नागपूरच्या मुलीच्या आईचा ऑफिसातून फोन आला. रडत होती. "वहिनी, शाळेतून फोन आला होता. आपण त्यात दाणे घातले ना?"

वर्गात झालं ते असं. डबा उघडला, प्रत्येकाच्या बाकावर नॅपकिनवर एकेक लाडू ठेवला. नागपूरच्या मुलीने उभं राहून संक्रांत म्हणजे काय ते सांगितलं, म्हणे छान सांगितलं. आणि मुलं लाडू उचलणार तेवढ्यात ताईंच्या मुलीने हात वर केला आणि सांगितलं, यात पीनट्स आहेत.

वर्गात एक गोरी मुलगी होती, तिला दाण्याचा कणसुद्धा चालत नव्हता. श्वास बंद व्हायचा. तिच्या कमरेला औषधाची पिशवी बांधलेली असायची. तिला लगेच नर्सकडे नेलं. तिने लाडवाला हात लावलेला नव्हता, तिला काही झालं नाही, देवाची कृपा. पण सगळे लाडू गोळा करून पिशवीत बांधले, बाकं पुसली, सगळ्या मुलांना रांगेने हात धुवायला नेलं. आणि नागपूरची मुलगी रिकामा डबा घेऊन फळ्यापाशी उभी. कोणी तिला रागावलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. टीचर चांगल्याच बोलल्या. इट्स ओके, यू डिडन्ट नो.

ताईंच्या मुलीला सगळ्या वर्गासमोर शाबासकी मिळाली. मिळायलाच हवी होती. तिने त्या पोरीचा जीवच वाचवला म्हणायचा. पण त्या संध्याकाळी मी तिला विचारल्याशिवाय राहिले नाही.

"काल तू इथेच बसली होतीस ना? कूट चाटलास तू. तेव्हा का नाही बोललीस?"

ती सोफ्याच्या उशीची चेन उघडत-लावत राहिली. "मला कोणी विचारलंच नाही," म्हणाली.

ते मुद्दाम होतं की तिला वर्गातच एकदम आठवलं, मला कधीच कळलं नाही. तिलाही कळलं असेल की नाही, कोण जाणे.

त्या आठवड्यात शाळेच्या मैदानात एक नवा खेळ सुरू झाला. नागपूरची मुलगी ज्याच्या जवळून जाईल त्याने गळा धरायचा, जीभ बाहेर काढायची आणि बर्फात पडायचं. पडून राहायचं. जो जास्त वेळ पडून राहील तो जिंकला.

"मावशी," ती पोळी खाता खाता म्हणाली, "मी जवळ गेली की सगळे मरतात."

हे ती हसत सांगत होती. मला वाटतं, मला वाईट वाटू नये म्हणून.

तिच्या आईबाबांनी शाळेत जाऊन सांगितलं. शाळेने खेळ बंद केला. म्हणजे पडायचं बंद झालं. जवळून जाताना मुलं श्वास रोखून धरायला लागली, ते कोणाला बंद करता येणार?

तेवढ्यात एक गोष्ट झाली, जी आम्हाला कोणालाच सुचली नव्हती. ती दाणे न चालणारी गोरी मुलगी. तिचं टेबल जेवणाच्या हॉलमध्ये वेगळं होतं, अगदी टोकाला. तिथे तिच्याशिवाय एकाच मुलाला बसता यायचं, तेही ज्याच्या डब्यात दाणे नसतील त्याला. रोज कोण बसणार यावरून आधी भांडणं व्हायची म्हणे, मग कंटाळा येऊन कोणी बसेनासं झालं. त्या मुलीने नागपूरच्या मुलीला विचारलं, तुझ्या डब्यात पीनट नसेल तर तू बसशील का?

ती बसमधून उतरून धावत आली. बर्फावरून घसरून पडली, उठली, परत धावली. "मावशी, मला जागा मिळाली! पण कूट नाही पाहिजे. बिलकूल नाही!"

तिच्या आईने डब्याचं काम मला दिलं, कारण तिच्या घाईत हात चुकून कुटाकडे जाईल अशी तिलाच भीती वाटली. संध्याकाळी मुलगी घरी जाताना दुसऱ्या दिवसाचा डबा घेऊन जायची. मी दाणे घरातून काढूनच टाकले. कढई नवी आणली. मिक्सरचं भांडं, झाकण, त्याची रबराची रिंगसुद्धा टूथब्रशने घासली. यजमान म्हणाले, "काय देवाचं सोवळं चाललंय का?" मी म्हटलं, हो, तसंच समजा. भेंडी, बटाटा, मुगाची उसळ, सगळं कुटाशिवाय.

आणि डबा हलका यायला लागला. दप्तर हातात घेतलं की नुसता चमच्याचा खुळखुळ आवाज. घरी आली की आधी बूट काढायची, जागेवर ठेवायची, मग पत्ते मागायची. त्या गोऱ्या मुलीच्या गोष्टी सांगायची. दोघींनी टेबलाला बेट म्हणायचं ठरवलं होतं. बेटावर कोणी मरत नाही, असा नियम. ताईंची मुलगी हे ऐकायची आणि पत्ते पिसायची, जरा जोरातच पिसायची.

थंडी संपता संपता शाळेत मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. तिच्या आईबाबांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेले. ताईंचा कोट घालून, मागच्या रांगेत. कार्यक्रम झाल्यावर ती माझा हात धरून मला ओढत नेत होती, तिची मैत्रीण दाखवायला. तेव्हा त्या मैत्रिणीची आईच आमच्यासमोर आली. उंच, थकलेल्या चेहऱ्याची बाई. तिने माझ्याकडे बघून हळू आवाजात बरंच काही सांगितलं. मला कळेना. मी मुलीकडे बघितलं.

"काय म्हणतायत गं?"

ती मान वर करून ऐकत होती. मग माझ्याकडे वळून, शाळेत धडा वाचतात तशा आवाजात म्हणाली, "त्या म्हणतात, मी खूप चांगली मुलगी आहे."

"हो ना. मग?"

"पण त्यांना भीती वाटते. घरात पीनट असलं तर कपड्यांना लागते. त्यांना रात्री झोप येत नाही. सोमवारपासून मी तिथे नाही बसायचं. त्यांनी टीचरला पण सांगितलं."

मी घाईघाईने म्हटलं, "सांग त्यांना. सांग, मावशी कूट घालत नाही. घरात दाणाच नाही. भांडीसुद्धा नवी आणलीत म्हणावं. सांग ना, बाळा!"

ती वळली आणि काहीतरी बोलली. अगदी छोटंसं. त्या बाईने तिच्या गालाला हात लावला. बाईचे डोळे भरलेले होते, ते मी बघितलं. मग ती गर्दीत गेली, तिच्या लेकीकडे. तिचं तरी काय चुकलं? तिला एकच लेक, आणि त्या लेकीचा श्वास एका लाडवावर अवलंबून.

"काय सांगितलंस तू?" मी विचारलं.

"ओके म्हटलं."

"भांड्यांचं सांगितलंस?"

"नाही." मग म्हणाली, "त्या रडून राहिल्या होत्या ना, मावशी."

सोमवारी डबा जड आला. ती बूट न काढता ओट्याशी गेली. मी ताईंना पुन्हा फोन केला. ताई समजुतीने बोलल्या, त्या माझ्याशी कधीच वेडंवाकडं बोलल्या नाहीत. "अगं, मुलांचं असंच असतं. आपण जितकं मध्ये पडू तितकं वाढतं. पाहिलंस ना मागच्या वेळी?" पाहिलं होतं. त्यांचं बरोबर होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

एक दिवस ती म्हणाली, "मावशी, मी तुझ्याकडेच राहू का दिवसभर? शाळेत नाही जात. मी तुला इंग्लिश शिकवीन."

मी यजमानांना विचारलं, त्यांनी रेस्टॉरंटमध्ये कोणाला तरी विचारलं. इथे तसं चालत नाही. मूल घरी बसलं तर शाळा चौकशी करते, आईबापांना जबाब द्यावा लागतो. चांगलाच कायदा आहे, मला माहीत आहे. पण मी त्या दिवशी माझ्या गावाचे, माझ्या शाळेचे, कोणीही चौकशीला न आलेल्या त्या मास्तरांचे मनातल्या मनात आभार मानले. मला शाळा सोडता आली होती. तिला तेवढंही नव्हतं.

"बाळा, जावं लागतं गं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. हट्ट केला असता तर बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात तिच्या बाबांचं प्रोजेक्ट संपलं आणि ते लोक कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला गेले. जाताना ती पत्त्यांचा कॅट बरोबर घेऊन गेली, मीच दिला. ताईंची मुलगी त्या दिवशी माझ्याकडे आली नाही, पोट दुखतंय म्हणाली.

शाळा सुरू झाल्यावर कधीतरी तिच्या आईचा फोन आला. आवाज मोकळा होता. तिकडे आपले लोक खूप, हवा छान, शाळा चांगली. "आणि वहिनी, हिचं पण बरं आहे आता. काही तक्रार नाही बघा. डबाच नको म्हणते. म्हणते, आई, मी तिथलंच घेऊन खात जाईन सगळ्यांसोबत. रुळली हो एकदाची."

"वा," मी म्हटलं. मग विचारावं की नाही असं वाटत असतानाच तोंडातून गेलं, "घरी आल्यावर काय करते?"

"घरी?" ती हसली. "काही विचारू नका. आल्या आल्या फ्रिज उघडते. उभ्यानेच खाते जे मिळेल ते. बूटसुद्धा काढत नाही कार्टी."

मी बरं म्हटलं. सांभाळून राहा म्हटलं. आणि फोन ठेवला.